टिचकीकाका आणि मागची भिंत

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या दाराबाहेर गुडघे टेकून, मान वाकडी करून, जमिनीला कान लावून बसले होते. नव्या घरात राहायला येऊन मला चारच दिवस झाले होते. हातात भाजीची पिशवी, आणि दारात हा अनोळखी माणूस. मला वाटलं, यांचं काहीतरी हरवलंय.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"शोधत नाही, ऐकतोय," ते न उठताच म्हणाले. मग त्यांनी फरशीवर टिचकी मारली. टक्. शेजारच्या फरशीवर मारली. टक्. तिसरीचा आवाज मात्र निराळा आला, रिकाम्या डब्यासारखा. "ही बघा. खाली सिमेंटचा माल नीट भरलेला नाही. दोन वर्षांत तडकणार. वर कुंडी ठेवलीत तर सहा महिन्यांत."

"पण तुम्ही कोण?"

"तुमच्या खालच्या मजल्यावर राहतो. फरशी बसवायचं काम करतो. ही मी बसवलेली नाही." शेवटचं वाक्य त्यांनी जरा घाईने सांगितलं, शेजारच्या भांडणात आपण नव्हतो हे सांगावं तसं.

दुसऱ्या दिवशी कामावरून परत आल्यावर त्यांनी ती फरशी काढून पुन्हा बसवून दिली. मी चहा दिला. कप हातात घेताच त्यांनी त्यालाही एक टिचकी मारली आणि म्हणाले, "चांगला आहे. तडा नाही."

आमच्या वसाहतीतली मुलं त्यांना टिचकीकाका म्हणत. ते दाराला टिचकी मारत, पाण्याच्या टाकीला मारत, विकत घ्यायच्या आधी कलिंगडाला तर मारतच. एकदा मीटिंगमध्ये ते आमच्या सेक्रेटरींच्या टकलाकडे जरा जास्तच वेळ बघत होते, असं मुलं सांगतात. मी काही ते पाहिलेलं नाही. त्यांच्या बायकोला साहजिकच टिचकीकाकू हे नाव मिळालं. ती तक्रार करायची, "मी जन्मात कुणाला टिचकी मारली नाही, आणि नाव मात्र मला चिकटलं!"

काकू शिवणकाम करायची. पडदे, उशांचे अभ्रे, मुलांच्या शाळेचे गणवेश. तिसाव्या वर्षी मोठा ताप आला, त्यात तिचा उजवा कान पार गेला आणि डावा अर्धा राहिला. कानात यंत्र होतं. समोरासमोर बसलं की ती छान बोलायची, आणि तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार होती. पण माणसं वाढली की संपलं. ती मला एकदा म्हणाली, "बाई, चार जण एकदम बोलले की मला शब्द ऐकूच येत नाहीत, सगळ्यांचा मिळून एक गोळा ऐकू येतो. मग हसायचं आणि मान हलवायची. वीस वर्षांत मी कशाकशाला हो म्हटलंय, देव जाणे."

आता हॉलबद्दल सांगायला हवं.

शहरात मोठा रस्ता व्हायचा होता. त्याच्या वाटेत येणाऱ्या तीन वस्त्या उठवल्या आणि त्यांच्यासाठी तीन इमारती बांधल्या. नदीकाठचे लोक पहिल्या इमारतीत, स्टेशनामागचे दुसऱ्या, कारखान्याच्या घरांतले तिसऱ्या. मी आणि टिचकीकाका दोघंही दुसऱ्या इमारतीतले. एकमेकांना कुणी ओळखत नव्हतं. म्हणून बांधणाऱ्यांनी तिन्हींच्या मधोमध एक हॉल दिला: पन्नास फूट लांब, तीस फूट रुंद, वर सपाट काँक्रीट, भिंतींना नुसता कच्चा गिलावा. इथे लोकांनी एकत्र यावं, अशी कल्पना.

बांधकामातल्या बऱ्याच टाइल्स उरल्या होत्या. फिकट निळ्या, आरशासारख्या चकचकीत. त्या टाकून द्यायचं चाललं होतं. टिचकीकाका सेक्रेटरींच्या मागे लागले, "द्या मला, मी हॉलला लावतो. मजुरी नको." आणि त्यांनी खरंच दोन महिने दर सुट्टीच्या दिवशी एकट्याने काम करून चारही भिंती खालपासून वरपर्यंत टाइल्सने मढवल्या. साडेतेराशे टाइल्स. पट्टी लावून शाईने आखाव्यात तशा मधल्या रेघा. हॉल सुरू झाला त्या दिवशी लोक भाषणं ऐकायच्या आधी भिंतींवरून हात फिरवत होते. काका इस्त्रीचा सदरा घालून दाराशी उभे होते. मी त्यांना म्हटलं, "तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम." ते म्हणाले, "हो. मलाही तसंच वाटतंय."

मग पहिला वक्ता बोलायला उभा राहिला आणि कुणाला एक शब्द कळला नाही.

मी छत्तीस वर्षं वर्गात बोलले आहे. शेवटच्या बाकापर्यंत आवाज न्यायचा कसा, ते मला येतं. पण त्या हॉलमध्ये माझंच वाक्य माझ्याकडे परत यायचं, आणि मी पुढचं सुरू केलं तरी मागचं छतापाशी घुटमळत असायचं. खुर्ची सरकली की रेल्वे गेल्यासारखं वाटायचं. कमिटीने लाउडस्पीकर आणला. कळेना म्हणून दुसरा, मोठा आणला. त्यामुळे न कळणं तेवढं मोठ्या आवाजात झालं.

पाण्याच्या वेळा ठरवायची मीटिंग मला आठवते. तासाभरात तिन्ही इमारती एकमेकींवर ओरडत होत्या. घरी जाताना पहिल्या इमारतीचे म्हणाले, कारखानावाल्यांना हळू बोलता येतच नाही, यंत्रांजवळ आयुष्य गेलं ना. कारखानावाले म्हणाले, नदीकाठचे दुसऱ्याचं ऐकूनच घेत नाहीत. आमच्या इमारतीतले दोघांनाही नावं ठेवत होते. खरी गोष्ट एवढीच होती, की त्या तासात कुणीही दुसऱ्या कुणाचं एक पूर्ण वाक्य ऐकलेलं नव्हतं. माझ्या वाचनाच्या बैठकीला आधी अकरा बायका यायच्या, मग चार उरल्या, मग मी ती माझ्या घरी हलवली. काकू हॉलमध्ये एकदा आली आणि पुन्हा म्हणून आली नाही. विचारलं की म्हणायची, "डोकं उठतं हो." तिच्या दोन्ही बहिणी नव्या रस्त्याच्या पलीकडे दूर राहायला गेल्या होत्या. दिवसभर शिलाई मशीन आणि संध्याकाळी नवरा, एवढीच तिची सोबत.

भिंतींचा संशय कुणालाच आला नाही. मलाही नाही. माणसांवर संशय घ्यायची आपल्याला सवय असते, भिंतींवर नसते.

असं तीन वर्षं चाललं. मग एक दिवस जिन्याखालच्या फळ्यावर सेक्रेटरींची सूचना लागली: हॉल वापरात नसल्याने तो एका फर्निचर व्यापाऱ्याला गोदाम म्हणून द्यावा, असा कमिटीचा विचार आहे, पाच आठवड्यांनी रविवारी सकाळी सर्वांची सभा होऊन मतदान होईल. आमचे सेक्रेटरी काही वाईट माणूस नव्हेत. बसच्या डेपोत टाइमकीपर होते, सगळं वेळेवर आणि गप्प असावं, एवढीच त्यांची अपेक्षा. हॉल बंद झाला की भांडणं बंद होतील, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

त्याच आठवड्यात तिसऱ्या इमारतीची पाण्याची टाकी फुटली. तळमजल्यावरच्या आठ घरांत घोटाभर पाणी. त्या लोकांनी गाद्या, उशा, ब्लँकेटं सगळं उचलून हॉलमध्ये आणलं. गाद्या भिंतींना टेकवून उभ्या केल्या, दोऱ्या बांधून ब्लँकेटं वाळत घातली. त्यातल्या एका घरचे पडदे काकूकडे शिवायला होते. ते द्यायला ती हॉलमध्ये गेली, मागून पिशवी घेऊन काका.

काकांनी चालता चालता सहज विचारलं, "अगं, चष्मा घेतलास का?"

"घेतलाय. पिशवीतच आहे, बघा," ती वळूनही न बघता म्हणाली आणि पुढे गेली.

"बाई," काका मला नंतर सांगत होते, "माझे पाय तिथेच थांबले." कारण ती त्यांच्याकडे पाठ करून होती. ओठ दिसत नव्हते. आजूबाजूला वीसेक माणसं बोलत होती. त्यांनी जरा वेळ जाऊ दिला आणि तिच्या पाठीमागे दहा पावलांवर उभं राहून, आवाज न चढवता म्हटलं, "आज तू छान दिसतेस."

ती गर्रकन वळली. "इथे? ओल्या गाद्यांसमोर? बरं वाटतंय ना तुम्हाला?"

चार दिवसांनी गाद्या वाळल्या आणि आपापल्या घरी गेल्या. काका तिला पुन्हा हॉलमध्ये घेऊन गेले. यावेळी आत दोघंच. दहा पावलं मागे उभं राहून ते तेच वाक्य बोलले. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. पुन्हा बोलले. तिने उत्तर दिलं नाही.

तिथून ते थेट माझ्या दारात आले.

"बाई, हॉल मी बिघडवला."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. ते म्हणाले, "गुळगुळीत टाइल आवाज घेत नाही, परत फेकते. चारी बाजूंनी तीच, वर काँक्रीट. आवाजाने जायचं कुठे? गाद्या होत्या तेव्हा त्यांनी गिळला. मी आयुष्यभर फरशीचा आवाज ऐकला बाई, खोलीचा कधी ऐकलाच नाही."

मला वाटलं होतं, ते रडवेले होतील. पण त्यांचा चेहरा गणितात नेमकी कुठे चूक झाली ते सापडलेल्या मुलासारखा होता. असा चेहरा मी फार वर्षांनी पाहिला.

सेक्रेटरींकडे आम्ही दोघं गेलो. ते ऐकून घेईपर्यंत गंभीर होते, मग म्हणाले, "मिस्त्री, लावायला माझ्या मागे तुम्हीच लागलात, आता फोडायलाही तुम्हीच?"

"मी लावल्या, म्हणून मीच फोडणार. दुसऱ्याने हात लावला तर मला चालायचं नाही."

"वरून काहीतरी झाका ना. फोडायचं कशाला?"

"जड चौकटी बसवायच्यात, साहेब. टाइलमध्ये भोक पाडलं की तडा जातो. तड्यावर वजन टांगलं तर एक दिवस कुणाच्या तरी डोक्यात पडेल. बहुतेक तुमच्याच, दुसरं कुणी बोलत असलं की तुम्ही मागे जाऊन बसता."

"आणि सभेच्या दिवशी हॉल अर्धामुर्धा फुटलेला असला तर?"

"मग द्या गोदामाला. खुर्च्या-कपाटांना काय, भिंत कशीही चालते."

सेक्रेटरींनी सभेपर्यंतची मुदत दिली. जाताना मला हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही तरी समजवा यांना."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका छिन्नी-हातोडा घेऊन मागच्या भिंतीपाशी उभे राहिले. फोडायची सुरुवात पोकळ टाइलपासून करतात. ती सहज निघते, मग शेजारच्या निघतात. त्यांनी खालच्या ओळीपासून टिचक्या मारायला घेतल्या. एक ओळ झाली, दुसरी झाली. मग शिडीवर चढले. मागच्या भिंतीवर तीनशे टाइल्स होत्या. तासाभराने ते खाली उतरले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "एक तरी पोकळ ठेवायची होतीस, शहाण्या!" स्वतःच्या कामावर वैतागलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत, पण काम फार चांगलं झालं म्हणून वैतागलेला हा पहिलाच.

पहिला घाव बसला तसे तिन्ही इमारतींचे लोक धावत आले. पहिल्या इमारतीतली एक आजी तर हात पसरून भिंतीच्या आड उभी राहिली. "अरे, वेड लागलं का तुला? इतक्या देखण्या टाइल्स!"

"आजी, बाजूला व्हा, डोळ्यात उडेल," काका म्हणाले. आणि मग जरा थांबून, "मला तुमच्यापेक्षा जास्त वाईट वाटतंय. पण तुम्ही मला काय म्हणालात ते आत्ता दुसऱ्यांदा विचारावं लागलं असतं, मी दोन फुटांवर आहे म्हणून ऐकू आलं."

आजी बाजूला झाली. सहा संध्याकाळी लागल्या. एकही टाइल अख्खी निघाली नाही.

मागची भिंत उघडी झाल्यावर काकांनी जुन्या दारांच्या लाकडाच्या चौकटी केल्या. त्या मोकळ्या चौकटीत भरायचं काय? नदीकाठच्या लोकांत एक गादीवाला होता, त्याने जुन्या गाद्यांचा कापूस दिला. चौकटींवर ताणायला पोत्याचं जाडंभरडं कापड आणलं, ते काकूने शिवलं. भिंत आणि चौकट यांच्यात चार बोटं जागा सोडली, म्हणजे पलीकडे गेलेला आवाज तिथेच अडकतो, असं काकांचं म्हणणं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. गाद्या भिंतीला जिथे तिरक्या टेकवल्या होत्या तिथे जास्त फरक पडला होता, एवढं त्यांनी लक्षात ठेवलं होतं. लोक घरातली विरलेली ब्लँकेटं आणून देऊ लागले, निम्मे तर नुसते काय चाललंय ते बघायला. काकूने बाजूच्या भिंतींसाठी त्यांचेच पडदे जोडले: कुणाचं हिरवं, कुणाचं चौकड्यांचं.

पण सुधारलं किती, हे मोजायचं कसं? काका म्हणाले, "मला नुसतं वाटून उपयोग नाही. मला तर काय, माझ्याच कामात सगळं चांगलं ऐकू येणार." तेव्हा मी म्हटलं, आपण श्रुतलेखन घेऊ.

हॉलमध्ये आठ ठिकाणी आठ खुर्च्या ठेवल्या, प्रत्येकीवर एक माणूस, मांडीवर कागद. मी समोर उभी राहून तोंडासमोर वही धरायची, म्हणजे ओठ दिसायला नकोत, आणि नेहमीच्या आवाजात दहा आकडे सांगायचे. आकडेच घेतले, कारण शब्द सांगितला की माणूस अर्धा अंदाजाने लिहितो. मग मी लाल पेनाने तपासायची. चौकटी लावायच्या आधीच्या संध्याकाळी चांगल्या कानांच्या माणसांना दहापैकी पाच-सहा मिळाले. काकूला दोन.

चौकटी लागल्यावर मात्र काकांचा उत्साह आवरेना. त्यांनी मागच्या भिंतीबरोबर समोरची भिंतही, जिच्यापुढे वक्ता उभा राहतो ती, ब्लँकेटांनी झाकून टाकली. त्या दिवशीच्या श्रुतलेखनात पुढच्या रांगेला नऊ, आणि मागच्या रांगेला तीन! काकूला एक. घुमणं गेलं होतं, पण माझा आवाज उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा माझ्यापाशीच मरत होता.

सभेला नऊ दिवस उरले होते. काका तपासलेले कागद जमिनीवर खुर्च्यांच्या जागी मांडून मधोमध बसले. काकू म्हणाली, "चला घरी, जेवा, उद्या बघू." ते हलले नाहीत. मग अचानक म्हणाले, "बाई, तुम्ही वर्गात फळ्याला चिकटून उभ्या राहायचात की पुढे यायचात?"

"मागच्या बाकांपर्यंत आवाज न्यायचा असेल तर फळ्याजवळ," मी म्हटलं. आणि तसं का करायचे, याचा विचार मी छत्तीस वर्षांत केला नव्हता.

ते उठले आणि समोरच्या भिंतीवरची ब्लँकेटं त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवली. आतल्या निळ्या टाइल्स पुन्हा चकाकल्या. समोरच्या भिंतीने आवाज पुढे फेकायचा, मागच्या भिंतीने तो झेलून ठेवायचा. फेकायला टाइलसारखं दुसरं काही नाही. "ह्या राहणार," ते म्हणाले. "ह्या बरोबर जागी आहेत." वक्त्याचं टेबल बरंच पुढे होतं, ते मागे सरकवून त्या भिंतीला लागून आणलं. खुर्च्यांच्या सरळ रांगा मोडून अर्धवर्तुळाकार रांगा केल्या. छताला हलक्या चौकटी तारांनी टांगल्या.

काकूला सात. दोन दिवसांनी नऊ.

दरम्यान आणखी एक गोष्ट घडत होती, ती आम्ही कुणी ठरवलेली नव्हती. श्रुतलेखनाच्या खुर्च्यांवर बसायला लोकांची रांग लागू लागली. तिन्ही इमारतींत चुरस. "आमच्याकडच्या तिघांना दहा!" "तुम्ही दारापाशी बसलात म्हणून!" "बाई, मला पुन्हा बसवा, माझी पेन्सिल मोडली होती." सत्तरीचा कारखान्याचा फोरमन माझ्याकडे अर्धा मार्क वाढवून मागत होता. आणि मी वही तोंडासमोर धरली की सगळे एकदम गप्प व्हायचे. चाळीस-पन्नास माणसं, माना खाली, पेन्सिली तयार, पुढचा आकडा ऐकायला श्वास रोखून. तीन वर्षांत तिन्ही इमारतींनी मिळून एवढी शांतता पाहिली नव्हती.

सभेच्या रविवारी सव्वाशेच्या वर माणसं आली. सेक्रेटरी टेबलापाशी, शेजारी फर्निचरचे व्यापारी, पुढे करारनाम्याचे कागद. लाउडस्पीकर बंद होता. सेक्रेटरींनी सवयीने छाती भरून घेतली आणि गर्जना केली, "मित्रांनोऽऽ!"

"साहेब, ओरडता कशाला? नुसतं बोला," मागच्या रांगेतून कुणीतरी आरामात म्हणालं. हॉलभर हशा पिकला, आणि तो हशा हसून झाल्याबरोबर थांबला, घुमत राहिला नाही. हे सगळ्यांच्या लक्षात आलं. लोक एकमेकांकडे बघू लागले.

सेक्रेटरींनी ठराव वाचला. नदीकाठच्या आजीने हात वर केला आणि हॉल का राहावा ते सांगायला सुरुवात केली. तिचं बोलणं लांबत चाललं. मधे ती पाणी प्यायला थांबली तसे सेक्रेटरी व्यापाऱ्यांकडे झुकले आणि तोंडाशी हात धरून अगदी हळू म्हणाले, "बोलू द्या दहा मिनिटं. दमतील आणि घरी जातील. मग सह्या."

पण ते त्या भिंतीला लागून बसले होते. टाइल्सनी आपलं काम केलं.

आजीने भांडं खाली ठेवलं. कुजबूज शेवटच्या रांगेपर्यंत पोचली होती. आणि चौथ्या रांगेतून काकू उठून उभी राहिली. कुठल्याही सभेत तोंड न उघडलेली बाई.

"नाही दमणार," ती म्हणाली.

 मग जो आवाज उठला तो मी शब्दांत लिहू शकत नाही. टाळ्या, हसणं, पाय आपटणं, सगळं एकदम. फोरमन खुर्चीवर उभा राहिला. काकूने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, मी वर्गात करायचे तसं.

"तीन वर्षं मी या दारावरून नुसती जायची," ती म्हणाली. "आत यायची हिंमत नव्हती. आज मला तुमचं कुजबुजणंसुद्धा ऐकू आलं, साहेब. अर्ध्या कानाने. आता हा हॉल कपाटांना द्यायचा म्हणता? कपाटांना काय ऐकायचंय?"

सेक्रेटरी कानशिलापासून टाळूपर्यंत लाल झाले. पण माणूस प्रामाणिक. त्यांनी आधी कपाळावर हात मारला, मग स्वतःच हसू लागले. "मिस्त्री, ही सोय जरा जास्तच झाली की हो!"

व्यापारी कागद गोळा करत म्हणाले, "मला नकोच ही जागा. इथे गिऱ्हाइकासमोर भावाचं काही बोलायचीच पंचाईत." मतदान तरीही झालं. गोदामाच्या बाजूने चार हात वर गेले, त्यातला एक चुकून. पाण्याच्या वेळांचा तीन वर्षांचा वाद त्याच बैठकीत वीस मिनिटांत मिटला, आणि फोरमनने नदीकाठच्या आजीची हात जोडून माफी मागितली. कशाबद्दल, ते दोघांनाही नीट आठवत नव्हतं.

काका शेवटपर्यंत मागच्या भिंतीला पाठ टेकून उभे होते. लोक येऊन त्यांच्या खांद्यावर थापा मारत होते, आणि ते लोकांच्या डोक्यांवरून चौथ्या रांगेकडे बघत होते. तिथे काकूभोवती बायकांचा घोळका जमला होता आणि ती एकाच वेळी तिघींशी वाद घालत होती. तासाभराने ते तिच्याजवळ गेले.

"अगं, जेवायचं नाही का?"

"थांबा हो," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "दिसत नाही का, बोलतेय मी!"

हे त्यांनी मला जिन्यात तीनदा सांगितलं. त्यांना किताब मिळाल्यासारखा आनंद झाला होता.

पुढे महिनाभरात, या हॉलबद्दल ऐकून, एक आर्किटेक्ट बाई आवाज मोजायची आपली यंत्रं घेऊन तो बघायला आल्या. दिवसभर मोजलं, आणि शेवटी ज्या खुर्चीवर आवाज सगळ्यात चांगला पोचतो म्हणून खूण केली, तिथेच काकूला नऊ मिळाले होते. त्यांनी श्रुतलेखनाचे तपासलेले कागद मागून नेले. लाल पेनासकट सगळे. त्या काकांना सर म्हणतात. काका आधी मागे वळून बघायचे, कुणाला हाक मारली म्हणून. माझी वाचनाची बैठक हॉलमध्ये परत गेली आहे आणि चाळिसावर बायका येतात. काकूने तिथेच बुधवारी शिवणाचा वर्ग सुरू केला आहे, तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त गर्दी असते.

टिचकीकाका आता एकोणसत्तर वर्षांचे आहेत. फरशीकाम त्यांनी कमी केलं आहे, गुडघे साथ देत नाहीत. सध्या ते शहराच्या दुसऱ्या टोकाला एका दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत पुकारलेलं नाव सगळ्यांना ऐकू यावं म्हणून तिच्या छताचं काम करताहेत, आणि त्यासाठी रोज सकाळी सात-पन्नासची बस पकडतात.